बेळगाव–चोर्ला–साखळी–दोडामार्ग–तिलारी–बेळगाव : एकट्यानं, सावकाश करायची दोन दिवसांची फेरी

बेळगावहून निघायचं, जांबोटी-कणकुंबी करत चोर्ला घाट उतरून गोव्यात साखळीला यायचं. तिथून डिचोलीमार्गे दोडामार्ग, पुढं तिलारी घाट चढून चंदगड तालुक्यातून पुन्हा बेळगाव. एकूण अंतर सुमारे 180 ते 190 किलोमीटर. कुठंही न थांबता गाडी हाणली तर पाच-सहा तासांत माणूस घरी परत येतो. पण या रस्त्याला दोन दिवस द्यावेत, आणि जमलं तर एकट्यानं जावं, असं मी गेली काही वर्षं विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलोय.

एकट्यानं का? बरोबर चौघं असले की गाडीतल्या गप्पा गाडीतच संपतात. एकटा माणूस चहाच्या टपरीवर थांबला की समोरचा हमखास विचारतो, "कुठं चाललासा?" तिथून बोलणं सुरू होतं. या फेरीत तीन वेळा राज्याची हद्द ओलांडावी लागते, पण बोलण्यासाठी भाषा बदलावी लागत नाही. हे पाहायचं तर थांबत-थांबत जायला पाहिजे.

मात्र एकट्या माणसाची चूक सावरायला बाजूला कुणी नसतं. म्हणून खाली रस्त्याच्या वर्णनाबरोबर तयारीही सविस्तर दिली आहे. इंदूर, बडोदा, हैदराबादहून येणाऱ्या वाचकांनी विमानानं किंवा रेल्वेनं बेळगाव गाठून इथूनच सुरुवात करावी. गोव्याकडून येणाऱ्यांना मोपाचा विमानतळ दोडामार्गला जवळ पडतो. त्यांनी डिचोलीतून निघून आधी तिलारी घाट चढावा आणि चोर्ल्यातून खाली उतरावं, म्हणजे दिशा तीच राहते.

फेरी एका नजरेत

- बेळगाव ते कणकुंबी (जांबोटीमार्गे) : सुमारे 45 ते 50 किमी
- कणकुंबी ते साखळी (चोर्ला घाट, केरीमार्गे) : सुमारे 35 किमी
- साखळी ते दोडामार्ग (डिचोलीमार्गे) : सुमारे 23 किमी
- दोडामार्ग ते कोदाळी (भेडशी, तिलारी घाटमार्गे) : सुमारे 30 किमी
- कोदाळी ते बेळगाव (पाटणे फाटा, शिनोळीमार्गे) : सुमारे 50 किमी

आडवाटा धरून 220 किलोमीटर धरा. आम्ही कॉमर्सवाले, हिशेब केल्याशिवाय पाऊल उचलत नाही. 40 चं ॲव्हरेज देणाऱ्या दुचाकीला साडेपाच लिटर आणि 15 चं देणाऱ्या मोटारीला सुमारे 15 लिटर पेट्रोल लागतं. घाटात ॲव्हरेज पडतं, तेव्हा त्यावर एक-दोन लिटर जादा. बेळगावात टाकी भरून घ्या. त्यानंतर साखळी, डिचोली आणि दोडामार्गला पंप आहेत. जांबोटी ते साखळी आणि भेडशी ते पाटणे फाटा या दोन पट्ट्यांत पंपावर भिस्त ठेवू नका.

चोर्ला उतरा, तिलारी चढा

या फेरीतली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे दिशा. चोर्ला घाट लांब आहे, पण उतार त्यामानानं सौम्य. तिलारी घाट आखूड, पण चढ एकदम अंगावर येणारा आणि वळणं काटकोनात. म्हणून चोर्ला उतरायचा आणि तिलारी चढायचा.

हे मी अनुभवानं शिकलो. काही वर्षांपूर्वी मी उलटा गेलो होतो. दुपारी उशिरा निघालो, घरी फक्त "चंदगडला जाऊन येतो" म्हणून सांगितलं आणि तिलारी उतरायला लागलो. पहिल्या वळणापासून ब्रेक धरलेला. चार-पाच वळणांनंतर मागचा ब्रेक पोकळ लागायला लागला, जळका वास यायला लागला. एका वळणावर दुचाकी आतल्या बाजूच्या मातीच्या ढिगाला घासत थांबवली. गुडघा सोलवटला, एवढ्यावर भागलं. बाहेरच्या बाजूला दरी होती. मोबाईल काढला तर रेंज नाही. घरच्यांच्या हिशेबानं मी चंदगडच्या बाजारात होतो.

अर्ध्या तासानं एक दूधवाला वर चढत आला. गाडी बघून म्हणाला, "दादा, ब्रेक धरून धरून हितं कोण उतरतंय? थंड होऊ दे. मग पहिल्या गिअरात टाका आणि तसंच सोडा." त्यानं स्वतःच्या बाटलीतलं पाणी मला प्यायला दिलं. चाकावर ओतू दिलं नाही. तापलेल्या ब्रेकवर पाणी टाकायचं नसतं, हेही त्यानंच सांगितलं. तासभर थांबून, पहिल्या गिअरमध्ये मी खाली भेडशीला पोचलो. घरी आल्यावर गुडघ्यापेक्षा "कुठं जातोस ते नीट सांगून का गेला नाहीस" यावरून जास्त ऐकून घेतलं, आणि ते बरोबरच होतं.

तेव्हापासून माझे तीन नियम आहेत. ज्या गिअरमध्ये घाट चढावा लागेल त्याच गिअरमध्ये उतरायचा. बिनगिअरच्या स्कूटरला इंजिनाचा अडथळा फारसा मिळत नाही, म्हणून ती तिलारीत उतरवायची नाही, आणि चोर्ल्यातसुद्धा मध्ये थांबून ब्रेक निवू द्यायचे. तिसरा नियम म्हणजे रेंज जाण्याआधी घरी फोन करायचा, पुढं कुठल्या गावाहून आणि साधारण किती वाजता फोन येईल ते सांगून ठेवायचं. घाटात चढणाऱ्या गाडीला उतरणाऱ्यानं वाट द्यायची असते, हा तर वाहतुकीचा नियमच आहे.

कधी जावं

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी हा उत्तम काळ. दिवाळीच्या आगेमागे खानापूर आणि चंदगड तालुक्यांत भातकापणी सुरू असते, ओढ्यांना पाणी असतं आणि रस्ते कोरडे होत आलेले असतात. मार्च-एप्रिलमध्ये काजूचा हंगाम असतो. दोडामार्ग-सत्तरीत बोंडूंचा वास रस्त्यापर्यंत येतो, पण दुपार तापते.

पावसाळ्यात हा भाग सुंदर दिसतो हे खरं. पण कणकुंबी-आमगाव परिसराची गणना कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या जागांत होते. चोर्ल्यात धुकं इतकं उतरतं की पुढच्या गाडीचा लाल दिवासुद्धा दिसत नाही. दरडी येतात, झाडं पडतात. खानापूर तालुक्यातल्या धबधब्यांवर जायला पावसाळ्यात वनखात्याची बंदी असते आणि तिलारी घाटात अवजड वाहनांना बंदीचे आदेश निघतात. निघण्याआधी त्या आठवड्याची बातमी पाहा. पहिल्यांदा आणि एकट्यानं जाणाऱ्यानं जून ते सप्टेंबर टाळलेलंच बरं.

वार निवडताना मंगळवार ते गुरुवार बघा. शनिवार-रविवारी बेळगाव-हुबळीकडून गोव्याला जाणाऱ्या मोटारी चोर्ल्यात एकामागोमाग एक असतात. त्या गर्दीत सावकाश जायचं म्हटलं तर मागून हॉर्न खावे लागतात.

पहिला टप्पा : बेळगाव ते कणकुंबी

सकाळी सातला निघा. खानापूर रस्त्यानं पिरनवाडीपर्यंत जाऊन तिथून जांबोटीचा रस्ता धरायचा. नावगे, किणये मागं पडलं की शहर संपलं. बटाटा-रताळ्याची शेतं जाऊन भातशेती सुरू होते आणि माती लाल व्हायला लागते. कुसमळीजवळ मलप्रभा ओलांडून आपण जांबोटीत येतो. चहा-नाश्ता इथं उरका. पुढं मोठं गाव लागत नाही.

रस्त्याच्या अवस्थेबद्दल बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. हा पट्टा कधी नवा कोरा तर कधी चाळण. डांबर आहे म्हणून वेग घेतला आणि वळणापलीकडे खडी आली, असं होतं. साईडपट्टी खचलेली असते, म्हणून समोरून ट्रक आला तर दुचाकीवाल्यानं आधीच वेग कमी करून ठेवावा. ताशी 40 किलोमीटर पुरेत.

जांबोटीच्या पुढं जंगल दोन्ही बाजूंनी जवळ येतं. दक्षिणेला भीमगड अभयारण्य आहे. 2011 मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे 190 चौरस किलोमीटरचं. परवानगीशिवाय आतल्या वाटा धरू नयेत.

कणकुंबीला किमान तासभर थांबा. माउली देवीच्या देवळाजवळ मलप्रभेचा उगम आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 790 मीटरवर उगम पावलेली ही नदी पूर्वेला जाते, सौंदत्तीजवळच्या धरणात साठते आणि सुमारे 300 किलोमीटरचा प्रवास करून कुडलसंगम इथं कृष्णेला मिळते. म्हणजे इथलं पाणी बंगालच्या उपसागराला. पण याच गावच्या परिसरातला कळसा नाला उलट्या दिशेनं म्हादईला मिळतो आणि ते पाणी मांडवी होऊन पणजीजवळ अरबी समुद्रात जातं.

कर्नाटक आणि गोव्याचा पाण्याचा तंटा नेमका या जागेचा आहे. कळसाचं पाणी मलप्रभेत वळवायचा हा प्रकल्प. रस्त्यालगत कालव्याची खोदाई दिसते. म्हादई जलतंटा लवादानं 14 ऑगस्ट 2018 ला निवाडा दिला. त्यात कर्नाटकाला 13.42, गोव्याला 24 आणि महाराष्ट्राला 1.33 टीएमसी पाणी आलं. वाद तिथंही मिटला नाही. हुबळी-धारवाडच्या माणसाला हे पिण्याचं पाणी वाटतं, सत्तरीच्या माणसाला आपली नदी आटेल अशी भीती वाटते. पेपरात वर्षानुवर्षं वाचलेला विषय इथं पाच मिनिटं उभं राहिलं की डोळ्यांसमोर येतो. बोलताना मात्र जपून. गावकऱ्यांच्या जमिनी आणि विहिरी यात गुंतलेल्या आहेत. ऐकून घ्यावं, निकाल देऊ नये.

दुसरा टप्पा : चोर्ला घाट ते साखळी

कणकुंबीहून चोर्ला जवळच. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र या तिन्हींच्या सीमा या डोंगरात एकत्र येतात. घाटमाथा सुमारे 800 मीटर उंचीवर आहे. घाट सुरू होण्याआधी घरी फोन करा, कारण पुढं केरीपर्यंत रेंज येते-जाते.

उतरताना डाव्या-उजव्या बाजूला म्हादई अभयारण्याचं जंगल लागतं. 1999 मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य सुमारे 208 चौरस किलोमीटरचं आहे. वळणावर थांबून फोटो काढायचा मोह आवरा. जिथं रस्ता सरळ आहे आणि गाडी डांबराच्या पूर्ण बाहेर घेता येते तिथंच थांबायचं. माकडांना खायला घालू नका. गाडी थांबली की ती अंगावर येतात, ती माणसांनी लावलेली सवय आहे.

खाली उतरताना अंजुणे धरणाचं पाणी दिसायला लागलं की घाट संपत आला. केरी हे गोव्याच्या सत्तरी तालुक्यातलं गाव. हवा एकदम दमट होते, माडाची झाडं दिसायला लागतात. इथल्या छोट्या हॉटेलात भाजी-पाव मिळतो. बेळगावच्या पावभाजीशी त्याचा संबंध नाही. पातळ भाजी, ताजा पाव आणि बरोबर मिरचीभजं. घाट उतरून आलेल्या माणसाला ते पुरतं.

साखळीला दुपारच्या जेवणाला पोचता येतं. जेवून दोनेक किलोमीटरवरच्या हरवळ्याला जा. कातळात खोदलेल्या जुन्या गुंफा, धबधबा आणि रुद्रेश्वराचं देऊळ एकाच ठिकाणी आहे. धबधब्याच्या कुंडात एकट्यानं उतरू नका. संध्याकाळ मोकळी असेल तर साखळीजवळ कारापूरला राण्यांचं विठ्ठलाचं देऊळ पाहावं. पंढरपूरला जाणं ज्यांना जमत नाही ते आषाढी-कार्तिकीला इथं येतात.

ज्यांना वाट वाकडी करायची आहे त्यांनी वाळपईकडं जाऊन ब्रह्मकरमळीचं ब्रह्मदेवाचं देऊळ पाहून यावं. पोर्तुगिजांच्या काळात तिसवाडीतल्या करमळीहून मूर्ती इथं आणली, म्हणून गावालाही ते नाव. ब्रह्मदेवाची देवळं देशात मोजकीच आहेत.

मुक्काम साखळी किंवा डिचोलीत करा. दोन्ही ठिकाणी साधी लॉज आहेत. समुद्रकिनाऱ्यासारखा थाट नाही आणि तसा दरही नाही. खोली घेताना ओळखपत्राची मूळ प्रत लागते.

तिसरा टप्पा : साखळी ते दोडामार्ग

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला निघा. साखळी-डिचोली हा खाणपट्टा. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं बंद पडलेल्या खाणींपैकी काही आता पुन्हा सुरू झाल्या आहेत. खनिजाचे ट्रक असतील तर ओव्हरटेक करायला जाऊ नका, मागं अंतर ठेवा. डिचोलीजवळ मये गावचं तळं आहे. सकाळी तिथं अर्धा तास बसावं.

डिचोलीहून दोडामार्गच्या दिशेनं रस्ता पुन्हा अरुंद होतो. लाटंबार्से भागातून पुढं गेलं की दोडामार्ग. हद्दीच्या अलीकडे गोवा, पलीकडे महाराष्ट्रातलं कसई-दोडामार्ग. पाहुण्याला कुठं राज्य बदललं ते पाट्या वाचूनच कळतं. इकडची पोरं सकाळी दुचाकीनं गोव्यात कामाला जातात, रात्री परत येतात. मोठं आजारपण आलं तर माणसं बांबोळीचं हॉस्पिटल गाठतात. कोल्हापूर-मुंबई त्यांना दूर पडतं.

चौथा टप्पा : तिलारी घाट, पारगड आणि परत

दोडामार्गहून साटेली-भेडशी. हा शेवटचा मोठा बाजार. पाणी, केळी, बिस्किटं इथं घ्या, हवा तपासा, घरी फोन करा. घाट दुपारी बाराच्या आत चढून जायचा.

या तालुक्यात रानहत्तींचा वावर आहे. 2002 च्या सुमारास कर्नाटकातून आलेल्या कळपापासून हा प्रश्न सुरू झाला. केळी, माड, सुपारीच्या बागा त्यांनी मोडल्या, माणसंही दगावली. पर्यटकाला हत्ती दिसला की मोबाईल काढावासा वाटतो. बागायतदाराची मात्र त्या रात्री वर्षाची कमाई गेलेली असते. हत्ती दिसला तर इंजिन चालू ठेवून लांबच थांबा. हॉर्न आणि फ्लॅश नको. दुचाकीवाल्यानं वळून मागं यावं आणि पहिल्या घरात सांगावं. संध्याकाळी सहानंतर आणि पहाटे या रस्त्यावर एकट्यानं असू नये. घाटालगतचं सुमारे 29 चौरस किलोमीटर जंगल 2020 मध्ये तिलारी संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालंय.

घाट चढताना मोटार पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये ठेवा, वळणाआधी हॉर्न द्या आणि बाहेरच्या बाजूनं उतरणाऱ्यावर नजर ठेवा. इंजिन तापलं तर वर पोचेपर्यंत ओढत नेऊ नका, रुंद जागा बघून थांबवा. जवळूनच जुना रामघाट जातो. आंबोली घाटाचा रस्ता होण्याआधी घाटमाथा आणि वेंगुर्ला बंदर यांच्यातली मालाची ने-आण या वाटेनं होत असे.

वर आलं की तिलारीनगर, कोदाळी. चंदगड तालुका सुरू झाला. इथं साठवलेलं पाणी डोंगरातून खाली कोनाळच्या वीजघरात सोडतात आणि तेच पुढं तिलारी धरणाच्या कालव्यांतून दोडामार्ग-सावंतवाडीला आणि गोव्याच्या डिचोली, पेडणे, बारदेश तालुक्यांना जातं. काल कणकुंबीला ज्या पाण्यावरून भांडण पाहिलं, तसंच डोंगरावरचं पाणी इथं दोन राज्यांनी मिळून वाटून घेतलंय. दोन्ही गोष्टी एकाच फेरीत बघायला मिळतात. स्वप्नवेल पॉईंटवरून खालचं कोकण दिसतं. कठड्याच्या आत राहा, वारा जोराचा असतो.

कोदाळीहून पारगडची आडवाट घ्यावीच. गाडी पायथ्यापर्यंत जाते, पुढं साडेतीनशेवर पायऱ्या. शिवाजी महाराजांनी गोव्याच्या पोर्तुगिजांवर नजर ठेवायला हा गड उभारला आणि तानाजी मालुसऱ्यांचे चिरंजीव रायबा यांना किल्लेदार नेमलं. मालुसरे, शेलार यांचे वंशज आजही गडावर राहतात. गडावर भवानीचं देऊळ आहे. ही वस्तीची जागा आहे, हे लक्षात ठेवून वागा. कुणाच्या अंगणातून जाताना विचारून जा, प्लास्टिक परत आणा.

परतीला मोटणवाडीमार्गे पाटणे फाटा. हा पट्टा उताराचा, मोकळा आणि डोळ्यांना आराम देणारा. काजूच्या बागा, नाचणी, उसाचे फड. चंदगडचा काजू घ्यायचा असेल तर रस्त्यालगतच्या कारखान्यात भाव विचारा, बेळगावच्या बाजाराशी ताडून बघा. पाटणे फाट्याहून शिनोळी आणि तिथून बाची-तुरमुरीला हद्द ओलांडली की हिंडलगा, बेळगाव. वेळ उरला तर शिनोळीच्या अलीकडे देवरवाडीच्या वैजनाथाचं जुनं देऊळ पाहून घ्या. सहाच्या आत घरी.

नकाशा आणि नावांचा घोळ

मोबाईलचा नकाशा रेंजमध्ये असतानाच उतरवून ठेवा. नावं टाकताना जपा. "केरी" टाकलं तर पेडण्यातली समुद्राकाठची केरी येऊ शकते, आपल्याला सत्तरीतली पाहिजे. "मोर्ले" सत्तरीत आहे तसं दोडामार्ग तालुक्यातही आहे. "सुर्ला" घाटमाथ्यावर आहे आणि डिचोली तालुक्यातही. नावाबरोबर तालुका टाका. सगळ्यात जवळची वाट म्हणून नकाशा कधी कधी बागायतीतली वाट दाखवतो. डांबर संपलं की गाडी फिरवा आणि माणसाला विचारा.

मैलाच्या दगडांच्या रंगावरूनही अंदाज येतो. डोक्यावर पिवळा रंग म्हणजे राष्ट्रीय महामार्ग, हिरवा म्हणजे राज्य मार्ग, नारिंगी म्हणजे गावाकडचा रस्ता. कर्नाटकात बसच्या पाट्या कानडीत असतात, म्हणून बसमागून वाट शोधायच्या फंदात पडू नका.

हद्दी ओलांडताना

- लायसन, आरसी, इन्शुरन्स, पीयूसी जवळ ठेवा. डिजीलॉकरमधली कागदपत्रं तिन्ही राज्यांत चालतात, पण रेंज नसली तर उघडणार नाहीत. झेरॉक्स असू द्या.
- गोव्यातून दारू आणू नका. स्वस्त मिळते म्हणून घेतलेली बाटली परवान्याशिवाय महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात सापडली तर गुन्हा दाखल होतो. एकट्या माणसाला पोलीस ठाण्यात दिवस काढावा लागतो.
- गोव्यात भाड्यानं घेतलेली गाडी राज्याबाहेर न्यायची असेल तर मालकाला आधी विचारा, लेखी घ्या.
- अडचण आली तर तिन्ही राज्यांत 112 आणि रुग्णवाहिकेसाठी 108.
- सुटे पैसे जवळ ठेवा. रेंज नसली की फोनवरून पैसे जात नाहीत.

एकट्या महिलांनी ही फेरी करू नये असं काही नाही, करणाऱ्या आहेत. मुक्काम आधी ठरवून ठेवावा, दोन्ही घाट दुपारच्या आत पार करावेत. वाट विचारायची झाली तर टपरीपेक्षा किराणा दुकान, देऊळ किंवा अंगणात बसलेली बाई बरी.

"एकटेच?"

बेळगावात "कुठं चाललासा?" म्हणून विचारतात. सत्तरी-डिचोलीत "खंय वता?" होतं. दोडामार्गात "खंय चललात?" आणि चंदगडात वर चढून आलात की "खट्टे चाललासा?" उत्तर तुम्ही तुमच्या मराठीत द्या, चारही ठिकाणी समजतं. देवही तेच भेटतात. माउली कणकुंबीला आहे तशी कोदाळीला आहे. सातेरी, रवळनाथ तर हद्दीच्या दोन्ही बाजूंना.

हा सगळा मुलूख वाटला गेलाय तो कागदावर. 1 नोव्हेंबर 1956 च्या आधी चंदगड हा बेळगाव जिल्ह्याचाच तालुका होता. त्या दिवशी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, चंदगड तेवढं मुंबई राज्यात राहिलं. गोवा तर 1961 पर्यंत परदेशाच्या ताब्यात. पण लेकी दिलेल्या आहेत, बाजार जोडलेले आहेत, नदी-नाले तेच आहेत. पाटणे फाट्यावर चहा पिणाऱ्या म्हाताऱ्याला विचारा, त्याची एक सोयरीक खानापुरात आणि एक डिचोलीत निघते.

म्हणून दोन दिवस काढा. टाकी भरा, घरी नीट सांगून निघा, चोर्ला उतरा आणि तिलारी चढा. वाटेत कुणी "एकटेच?" म्हणून विचारलं, तर गाडी बंद करून दोन मिनिटं उत्तर द्या.